सोसणे म्हणजे भक्ती नव्हे



मी शहादा तालुक्यातला एक साधा टाळकरी. गेल्या वैशाखात पित्ताशयातल्या खड्यांनी फार छळले, म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढून घेतले. पोटाला चार लहान छिद्रे आणि दुसऱ्या दिवशी घरी. मनात एकच हिशेब होता, आषाढीला पायी निघायचे.

खांदा पहिल्या दिवसापासून दुखत होता. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात वायू भरतात, त्यामुळे खांदा दुखतो आणि दोन-तीन दिवसांत थांबतो, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिसऱ्या दिवशी पोटात दुखू लागले, तेही तसलेच समजून मी गप्प राहिलो. विठ्ठलाचे नाव घेत सोसले. सोसण्यातच भक्ती आहे असे वाटले. पाचव्या दिवशी ताप चढला, पोट फुगले, डोळे पिवळे दिसू लागले. मंडळींनी माझे काही ऐकले नाही, गाडी करून धुळ्याला नेले. आत पित्त झिरपून पोटात साठले होते. नळी घालून ते बाहेर काढले, तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट बसवला. जीव वाचला, वारी चुकली.

माउली, हे घाबरवायला लिहीत नाही. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही पद्धत भारतात आणली. तेव्हापासून जखम लहान झाली आणि बहुतेक जण सुखरूप घरी जातात. पण छिद्र लहान म्हणून शस्त्रक्रिया लहान नसते. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, एखादा खडा नलिकेत राहू शकतो. मुख्य पित्तनलिकेला इजा होणे हा सर्वांत मोठा धोका. तो हजारात दोन ते पाच जणांना गाठतो. आत सूज किंवा चिकटलेले भाग असले तर डॉक्टर ऐनवेळी पोट उघडतात. ते अपयश नव्हे, शहाणपण आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट जपावी लागते. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर सिकलसेल पुष्कळ आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून तरण्या पोरांनाही पित्ताचे खडे होतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या वेळी थंडी, पाण्याची कमतरता किंवा प्राणवायूची कमतरता झाली तर जिवावर बेतते. म्हणून घरात सिकलसेल असेल तर भूल देण्याआधीच सांगा, तपासणी झाली नसेल तर करून घ्या.

घरी आल्यावर ताप, वाढती पोटदुखी, सतत उलटी, पिवळे डोळे, गडद लघवी किंवा पांढरट शौच दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोसत बसू नका. हा देह पांडुरंगाने वारीसाठी दिला आहे, तो राखणे हीही सेवाच आहे.

यंदा मुक्ताईच्या पालखीबरोबर निघतो आहे. भेटू, माउली.