मागच्या बाकावरचा तास

इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या कारखान्यांत नव्या मुलाला पहिल्याच दिवशी लेथवर एकटं सोडत नाहीत. तो उस्तादाशेजारी उभा राहतो, बघतो, जॉब बांधायला शिकतो. मशीन हातात आलं तरी उस्तादाची नजर असतेच. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं ही रीत कागदावर आणली, पण ती आहे त्याहून जुनी. कारण उघड आहे: बिघडलेला तुकडा भंगारात दिसतो. वर्गात बिघडलेलं काम दिसत नाही. मुलं फक्त प्रश्न विचारायची थांबतात.

1891 पासून होळकर कॉलेज आणि 1952 पासून गोविंदराम सेकसरिया संस्था असलेल्या या शहरात शिकवण्याची परंपरा काही कमी नाही. तरी नोकरीच्या काळात मी ठिकठिकाणी पाहिलं ते हेच, की एम.टेक. किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या हाती हजेरीपट आणि प्रॅक्टिकलची बॅच दिली, की तयारी संपली. ‘विषय येतो ना तुला?’

विषय येतोच. शिवाय एक गोष्ट त्याच्यापाशी आमच्यापेक्षा जास्त असते: एन्ट्रॉपी आपल्याला नेमकी कुठे अडली होती, हे त्याला अजून आठवतं. मुलंही ‘भैया, परत सांगा ना’ म्हणायला बिचकत नाहीत. पण उत्तर न आल्यास काय करावं, फळ्याकडे तोंड करून किती बोलावं, जर्नलला सात द्यावेत की आठ, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांत शोधार्थींना अध्यापनाचं प्रशिक्षण सांगितलं आहे. ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापनाचं आठवड्याला 4 ते 6 तास काम देता येईल, असंही म्हटलं आहे. तास वेळापत्रकात चटकन बसतात, प्रशिक्षण राहून जातं. कारण विद्यार्थ्याला शिकवायला लावलं की प्राध्यापकाचा वेळ वाचतो. त्याला शिकवायला शिकवायचं, तर तोच वेळ परत द्यावा लागतो.

फार काही नको. सत्र सुरू होण्याआधी सगळ्यांनी तीच पाच जर्नल्स तपासून गुण ताडून पाहावेत. सुरुवातीच्या काही तासांना कुणी अनुभवी माणसानं मागच्या बाकावर बसावं आणि नंतर चहावर बोलावं. शेरा मात्र कुठल्या अहवालात लिहू नये. हा मागच्या बाकावरचा तास प्राध्यापकाच्या कामात धरला जावा. नाहीतर एकट्यानं चाचपडत शिकवायला शिकलेला मुलगा उद्या प्राध्यापक होतो, आणि ‘आम्हाला कुठे कुणी शिकवलं होतं?’ म्हणत पुढच्यालाही एकटंच सोडतो.