सिंगालीलाच्या धारेवरून

दार्जिलिंगला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, टायगर हिलवरचा सूर्योदय, बतासियाचे रेल्वेचे वळण आणि चहाचे मळे यांविषयी तो भरभरून बोलेल. गावाच्या पश्चिमेस आकाशाला टेकलेली एक लांबच लांब काळसर डोंगरधार मात्र त्याच्या स्मरणात क्वचितच असते. कांचनगंगेपासून दक्षिणेकडे उतरत आलेली ही सिंगालीलाची धार. तिच्या एका अंगास पश्चिम बंगाल आहे आणि दुसऱ्या अंगास नेपाळ. वाचकहो, चार-पाच दिवस चालण्याची तुमच्या पायांची तयारी असेल, तर दार्जिलिंगच्या मुक्कामातले काही दिवस या धारेसाठी राखून ठेवावेत.

चालणे सुरू होते ते मानेभंज्यांग या छोट्या बाजारगावातून. नेपाळी भाषेत भंज्यांग म्हणजे खिंड. गावची उंची सुमारे 2,000 मीटर. येथून 31 किलोमीटरवर संदकफू आहे, 3,636 मीटर उंचीचे, पश्चिम बंगालमधले सर्वांत उंच ठिकाण. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून ते अधिक उंच भरते. संदकफूपासून धारेवरूनच आणखी 21 किलोमीटर चालले की फालुट येते. मराठी कानाला या नावात ‘फालतू’ ऐकू येते खरे, पण लेपचा भाषेत त्याचा अर्थ साल सोललेला, उघडाबोडका माथा असा सांगतात, आणि तेथे पोहोचल्यावर तो पटतो.

वाटेचा बराच भाग सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून जातो. 1992 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेले हे वन दरवर्षी 16 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत बंद असते, आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घेतल्यावाचून आत जाता येत नाही. हा नियम कित्येकांना जाचक वाटतो. आमचे मत निराळे आहे. धुके उतरले म्हणजे दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि त्या वेळी आपण भारतात आहोत की नेपाळात हेही वाटाड्यालाच ठाऊक असते. सीमेवर कुंपण नाही. येथे एक दगडी खांब, पुढे आणखी एक, एवढीच काय ती खूण. 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांची ये-जा मोकळी आहे. सकाळचा चहा भारतात घ्यावा, रात्रीचा डाळभात नेपाळातल्या तुमलिंगला खावा, आणि दुसऱ्या दिवशी गैरीबासला सशस्त्र सीमा बलाच्या चौकीत ओळखपत्र दाखवून पुन्हा स्वदेशी यावे! खाणावळ चालविणारी दिदी दोन्ही देशांच्या नोटा एकाच डब्यात ठेवते.

मे 1848 मध्ये जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ याच धारेच्या तोंगलू शिखरावर चढला होता. पुढे 1865 मध्ये तो लंडनच्या क्यू उद्यानाचा संचालक झाला. त्याला येथे खेचून आणणारी गुरांसाची झाडे आजही एप्रिलमध्ये तशीच पेटून उठतात. इंग्रजीत ज्याला ऱ्होडोडेंड्रॉन म्हणतात तोच हा गुरांस. लाल, गुलाबी, पांढरा, फिकट पिवळा असे त्याचे किती प्रकार येथे आहेत! त्याच सुमारास मॅग्नोलियाचे निष्पर्ण वृक्षही मोठमोठ्या फुलांनी लगडतात. खालच्या दाट झाडीत मालिंगो नावाचा बुटका बांबू माजलेला असतो आणि त्याच्या पाल्यावर हाब्रे जगतो. हाब्रे म्हणजे लाल पांडा. मांजराहून थोडा मोठा, तांबूस, झुपकेदार शेपटीचा. तो दिसेलच असे आश्वासन कोणी देऊ लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

फुलांप्रमाणे येथे विषही उगवते. संदकफूच्या अलीकडे बिखेभंज्यांग लागते. बिख म्हणजे विष, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. बचनागाची झुडपे या भागात होतात, आणि संदकफू या लेपचा नावाचा अर्थही विषारी वनस्पतीचा माथा असाच देतात.

परंतु येथे येणाऱ्याला खरे भय बचनागाचे नसून हवेचे आहे. साडेतीन हजार मीटरांवर प्रत्येक श्वासाबरोबर समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच प्राणवायू छातीत जातो. शरीर याला हळूहळू सरावते, मात्र त्याला अवधी द्यावा लागतो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे. तुमलिंग, कालीपोखरी आणि मग संदकफू असे तीन दिवसांत चढणारा पायी प्रवासी हा नियम नकळत पाळतो. गाडीने जाणाऱ्याचे मात्र तसे नसते. एकेकाळी या खडकाळ वाटेवर 1950 च्या दशकातल्या जुन्या लँडरोव्हर तेवढ्या चढत. आता रस्ता बराचसा सिमेंटचा झाला आहे, आणि मैदानातल्या सिलिगुडीतून पहाटे निघालेला माणूस त्याच दिवशी संदकफूला उतरू शकतो. ज्याला आपण सोपा मार्ग समजतो तोच प्रकृतीला अधिक कठीण असतो, ही गोष्ट वडीलधाऱ्यांना आणि मुलांना घेऊन निघणाऱ्यांनी विशेष ध्यानी घ्यावी.

आम्ही संदकफूला पोहोचलो त्या संध्याकाळी असेच एक बंगाली कुटुंब गाडीने आले होते. निवृत्त शिक्षक असलेले आजोबा, मुलगा, सून आणि दहा-अकरा वर्षांची नात. आजोबांचे डोके दुपारपासून दुखत होते. रात्री जेवणाला ते उठले नाहीत, मग उलट्या सुरू झाल्या आणि चालताना त्यांचा तोल जाऊ लागला. मुलाचे म्हणणे, थंडी बाधली असेल, सकाळी बरे वाटेल. इतक्या दूर येऊन सूर्योदय कसा सोडावा? आमच्या वाटाड्याने चुलीजवळून उठून हळू आवाजात एवढेच म्हटले, “दाजू, हिमाल उद्याही येथेच राहील. बाबांना आत्ता खाली न्या.” मुलगा थोडा वेळ गप्प उभा राहिला आणि मग त्याने चालकाला हाक मारली. आजोबांना दोन घोंगड्यांत गुंडाळून गाडीत बसविले. नात तेवढी रडत होती. त्या अंधाऱ्या उतारावरून गाडीचा दिवा खाली खाली जाताना आम्ही बराच वेळ पाहत होतो. डोकेदुखीच्या जोडीला उलटी, बसल्या जागी धाप किंवा तोल जाणे यांपैकी काही दिसले, तर खाली उतरणे हाच पहिला उपचार होय. गोळ्या आणि प्राणवायूची नळकांडी यांचा आधार होतो. उतरणे लांबविण्यासाठी मात्र त्यांचा उपयोग करू नये.

दुसऱ्या दिवशीची पहाट निरभ्र उजाडली. पहिला उजेड कांचनगंगेच्या माथ्यावर पडतो, 8,586 मीटरांवर. मग तो शिखराशिखरांवरून खाली उतरू लागतो आणि उताणा निजलेल्या एका विशाल पुरुषाची आकृती स्पष्ट होते. लोक तिला झोपलेला बुद्ध म्हणतात. गंमत अशी की, या बुद्धाचे मस्तक ज्या शिखराने बनते त्याचे नाव कुंभकर्ण! झोपेपुरते तरी ते अन्वर्थक आहे. पश्चिमेकडे, पुष्कळ दूर, आणखी एक त्रिकूट दिसते: ल्होत्से, एव्हरेस्ट आणि मकालू. त्यांत सर्वांत भव्य दिसतो तो एव्हरेस्ट असे नवखा माणूस समजतो. वास्तविक तो मकालू असतो, कारण तो आपल्याला जवळचा. जगातला सर्वोच्च पर्वत त्याच्या खांद्यामागून संकोचाने डोकावल्यासारखा दिसतो. कांचनगंगेवर 25 मे 1955 रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन प्रथम चढले. सिक्कीमच्या लोकांना पवित्र असलेल्या शिखरावर पाय ठेवणार नाही, असे वचन त्या तुकडीने दिले होते. ते पाळून दोघेही माथ्याच्या काही पावले अलीकडेच थांबले.

संदकफू ते फालुट हा या प्रवासाचा सर्वांत उत्तम टप्पा आणि सर्वांत कसोटीचाही. चढउतार फार नाहीत, परंतु अंतर 21 किलोमीटर, वाटेत गाव नाही, पाण्याचा भरवसा नाही आणि आडोसा तर नाहीच. वठलेल्या रुपेरी फर वृक्षांचे पांढरे खोड धारेवर उभे असतात. त्यांच्यामधून वारा असा वाहतो की शेजाऱ्याशी बोलावयाचे तर ओरडावे लागते. तेव्हा उजाडताच निघावे, दोन लिटर पाणी प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावे आणि लोकरीची टोपी पिशवीच्या तळाशी ठेवू नये. दोन तृतीयांश वाट सरल्यावर सबरग्राम येते. तेथून एक फाटा उजवीकडे मोलेच्या विश्रामगृहाकडे उतरतो. ढग दाटून आले असतील किंवा बरोबरच्यांपैकी कोणी थकले असेल, तर येथेच निर्णय करावा. कारण पुढे फालुटपर्यंत दुसरी सोय नाही. आम्ही तेथे बसलो असताना वाटाड्याच्या दूरध्वनीला क्षणभर संकेत मिळाला. खालून निरोप होता की, बाबांनी मानेभंज्यांगला सकाळी चहा घेतला आणि नातीला मोमो खाऊ घातले.

दक्षिणेकडून धुके वर येत होते. वाटाड्याने ते पाहिले, घड्याळ पाहिले आणि पुढे जाण्याची खूण केली.

फालुटच्या उघड्या माथ्यावर बंगाल, सिक्कीम आणि नेपाळ यांच्या सीमा मिळतात. येथून कांचनगंगा इतकी जवळ वाटते की, हिमनद्यांच्या भेगाही मोजाव्यात. तेथील रात्र मात्र कडाक्याची असते आणि झोप तुटक येते. दुसऱ्या दिवशी पंधरा किलोमीटरांची उतराई आहे. फर, ओक आणि बांबूच्या दाट रानातून वाट एकसारखी खाली घसरत जाते आणि गुडघे कुरकुरू लागतात. इतके दिवस कानांत केवळ वारा होता. अर्ध्या वाटेवर प्रथम पाण्याचा आवाज येतो, आणि तासाभराने गोरखे गावाची लाकडी घरे, बटाट्यांची वाफे घातलेली शेते आणि पलीकडच्या काठावर सिक्कीम दिसू लागते.