अम्मींच्या मुठीतला बर्फ

जव्हारला लोक थंड हवेचं ठिकाण म्हणतात. पण आमच्या मुलांना खराखुरा बर्फ पाहायचा होता. म्हणून गेल्या वर्षी रमजान ईदच्या सुट्टीला जोडून आम्ही काश्मीरला गेलो. मी, मुलांचे अब्बू, दोन मुलं आणि सासूबाई. बांद्र्याहून रेल्वेने जम्मू, पुढे मोटारीने श्रीनगर. तिथे ट्यूलिप फुलले होते आणि वर गुलमर्गला अजून बर्फ होता.

गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. आमचं जव्हार जेमतेम ४५०. रोपवेने कोंगडोरीला पोचताच मुलं बर्फात लोळू लागली. अम्मी मात्र हातमोजा काढून मुठीत बर्फ धरून बसल्या. बोटांतून पाणी ठिबकू लागलं.

"हे सगळं पाणीच ना गं?"

आमच्या ड्रायव्हरने त्यांना उर्दूत समजावलं. हिवाळ्यात पडलेला बर्फ हळूहळू वितळतो, ओढ्यांतून झेलमला मिळतो आणि उन्हाळ्यात भाताला उपयोगी पडतो.

अम्मींचं माहेर मोखाडा तालुक्यातलं. म्हणाल्या, "अल्लाहने आपल्यालाही कमी दिलं नाही. पण आपलं पाणी थांबत नाही. लहानपणी चैत्रात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरायचे. शाळेला उशीर झाला की मास्तर छडी मारायचे."

खरंच आहे. चार महिन्यांत आमच्याकडे साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कातळावरून वाहून जातो. मोखाड्यातल्याच कोचाळे इथल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतात. हे सगळं मी वर्गात शिकवते.

पण अम्मींच्या त्या शेवटच्या वाक्याने माझी मान खाली गेली. माझ्या वर्गातली एक मुलगी मार्चपासून रोज उशिरा येत होती. दोनदा मी तिला दाराबाहेर उभं केलं होतं. कारण एकदाही विचारलं नव्हतं.

परतल्यावर पहिल्याच दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं. ती हळूच म्हणाली, "बाई, विहिरीवर नंबर लागतो."

सगळ्या वर्गासमोर मी तिची माफी मागितली. आता मार्च-एप्रिलमध्ये मी हजेरी दुसऱ्या तासाला घेते.