आधी कर्ज कागदावर

बलिप्रतिपदेला बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो तबकात ओवाळणी टाकतो. याच तिथीचं एक जुनं नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वतीने डाव जिंकला, अशी कथा सांगतात. नवरा-बायकोचा सण आणि खेळाला मुभा देणारा दिवस आपल्या परंपरेने एकाच तिथीवर आणून ठेवले. माझ्या कामात मात्र हे दोन्ही विषय एकत्र येतात ते घर मोडायच्या बेतात असतं तेव्हा.

मी विवाह समुपदेशक आहे. नाशिकच्या इंदिरानगरात वडाळा-पाथर्डी रस्त्यालगत माझं काम चालतं. येणारी जोडपी बहुतेक आसपासची, राजीवनगर-चेतनानगरची. कुणी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, कुणी बँकेत, कुणाचा स्वतःचा छोटा धंदा. फ्लॅटचा हप्ता, मुलांची फी, गावाकडे आईवडिलांना पाठवायचे पैसे, असं सगळं मोजून-मापून चालणारी ही घरं. तिथे जुगाराचं कर्ज उघडं पडतं, तेव्हा पुष्कळदा त्याच्यामागून जुनं प्रेमही बाहेर येतं. अशा वेळी आधी कशाला हात घालावा, यावर मला आज बोलायचं आहे.

पुढचं चित्र अनेक घरांतून जुळवलेलं आहे. कुणाची ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही. नवरा आधी मोबाइलवर रमी खेळतो, मग आयपीएलच्या दिवसांत बुकीकडून सट्टा लावायची ‘आयडी’ घेतो. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, कर्ज देणारी ॲप, सहकाऱ्यांकडून उसने, आणि शेवटी बायकोच्या बांगड्या गहाण. तिला हे कळतं ते वसुलीवाल्याच्या फोनवरून. माहेरी सांगायची लाज, सासरी सांगायची भीती. कॉलेजातला एक मित्र असतो, ज्याच्याशी तेव्हा लग्न होऊ शकलं नाही. ती त्याच्याकडे पैसे मागते, तो देतो. मग रात्री उशिरापर्यंत बोलणं सुरू होतं. एक दिवस नवरा ते मेसेज वाचतो आणि त्या क्षणापासून घरातला विषयच बदलतो: कर्ज मागे पडतं आणि तिचं चारित्र्य पुढे येतं. कधी बाजू उलट असते. नवऱ्यालाच जुनी मैत्रीण सापडते, कारण तिच्यापुढे तो अजून हरलेला नसतो.

मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक बसते. ठरतं असं, की एफडी मोडून, प्रसंगी शेताचा तुकडा विकून कर्ज फेडून टाकायचं, आणि प्रेमप्रकरणाची पाळंमुळं खणून काढायची. हेतू चांगला असतो, पण दोन्ही उपाय उलटे पडतात. कर्ज फेडायची घाई करू नये, ते आधी मोजावं. जुन्या प्रेमाची झडती घेऊ नये, ते थांबवावं.

जुगाराचा नाद हा आजार आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३मध्ये त्याला व्यसनांच्या गटात नेलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला, की मेंदू खेळ सोडायला तयार होत नाही. थोडक्यात हुकलेला डाव त्याला जवळपास जिंकल्यासारखाच भासतो. पुढे खेळ जिंकण्यासाठी राहतच नाही, गेलेलं भरून काढण्यासाठी उरतो. अशा माणसाचं कर्ज सासऱ्याने एकरकमी फेडलं, की क्रेडिट कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते आणि काही महिन्यांत तीच बैठक पुन्हा बसते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. बायको दूर लोटते, सासू तिरस्कार करते, कुणाला दया येत नाही, इतरांचे नीटनेटके संसार पाहून त्याचा जीव जळतो. तरी फाशांचा आवाज कानी आला, की प्रियकराकडे धावणाऱ्या स्त्रीसारखा तो तिकडे ओढला जातो. सूक्ताच्या शेवटी त्याला सांगितलं जातं: फासे खेळू नकोस, शेती कर. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कवीने जे ओळखलं, ते आजच्या बैठकीत कुणाला दिसत नाही. संसारात आधी तिसरा शिरला तो खेळ. जुनी मैत्रीण किंवा जुना मित्र त्याच्या नंतर आला.

माझ्याकडे पहिल्या भेटीत मी दोन प्रश्न विचारते. जगभर वापरली जाणारी ही छोटी चाचणी १९९७ची आहे. अधिकाधिक रक्कम लावावीशी वाटली का? किती खेळता याबद्दल जवळच्यांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. मग कागदावर सगळ्या कर्जांची यादी. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. मित्रांचे उसने आणि सावकाराचे पैसे त्यात दिसत नाहीत. ते नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचे. पगाराचं खातं काही काळ बायकोच्या नजरेखाली ठेवायचं. घराचा हप्ता, किराणा आणि फी आधी, वसुलीवाले नंतर.

बायकांना काही गोष्टी माहीत नसतात, त्या मी आवर्जून सांगते. ज्या कर्जावर तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन नाही, ते तुम्ही फेडायचं नसतं. स्त्रीधन तुमचं आहे. ते परस्पर मोडणं हा २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करता येत नाहीत. बेकायदा सावकारीविरुद्ध २०१४चा राज्याचा कायदा आहे आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, म्हणून मदत मागायला भिऊ नये. पण ॲप बंद झालं म्हणून ओढ संपत नाही. काही जण शेअर बाजारातल्या ऑप्शनकडे वळतात आणि त्याला गुंतवणूक म्हणतात. सेबीने २०२४मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते.

आता जुनं प्रेम. मेसेज मोठ्याने वाचून दाखवायला मी कुणालाच सांगत नाही. त्यातलं एकेक वाक्य पुढे कित्येक वर्षं भांडणात परत येत राहतं. मी विचारते, तिथे काय मिळत होतं? उत्तर बहुधा साधं असतं: ‘कुणीतरी ऐकून घेत होतं. त्या माणसाच्या आठवणीतली मी कर्जाच्या आधीची होते.’ हे ऐकणं नवऱ्याला कठीण जातं, पण ते गरजेचं असतं. संपर्क मात्र पूर्ण थांबवायचा, आणि त्या मित्राचे पैसे यादीत सगळ्यांत वर लिहायचे. ते बाकी राहिले, तर फोन करायला कारण राहतं.

प्रत्येक लग्न टिकलंच पाहिजे असं मी मानत नाही. मारहाण होत असेल, किंवा यादी झाल्यावरही चोरून नवं कर्ज घेतलं जात असेल, तर बाईने आणि मुलांनी आधी सुरक्षित व्हावं. मन कोसळलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून व्यसनी माणसासोबत त्याच्या घरच्यांनाही उपचारात घेत आलं आहे. जुगाराच्या बाबतीतही घरच्यांना बाहेर ठेवून चालत नाही.

ज्यांचं पुढे जमलं, ती जोडपी महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी यादी काढून बसतात. किती फिटलं, किती राहिलं, मधल्या दिवसांत खेळावंसं वाटलं का, हे बोलतात. त्या यादीवर नवं खोटं नाही, याची खात्री काही महिन्यांनी पटते. मग बायको विचारते, तू हरत होतास तेव्हा मला का नाही सांगितलंस? नवरा विचारतो, तू त्याला का सांगितलंस? एरवी आरोप ठरले असते असे हे प्रश्न तेव्हा दोघांनाही विचारता येतात आणि त्यांची उत्तरंही मिळतात.