काकांची टेपपेटी

नाटकाच्या बसमध्ये सगळ्यात शेवटी चढायची आणि थिएटरवर सगळ्यात आधी उतरायची ती काकांची टेपची पेटी. पत्र्याची, निळा रंग जागोजागी उडालेली, काखेत मावेल एवढी. आत दोन गज आडवे बसवलेले. जाड गजावर मोठ्या भोकाचे रोल : मास्किंग टेप, गॅफर टेप, खोकी बंद करायची ब्राऊन टेप. बारीक गजावर इन्सुलेशन टेपा : लाल, पिवळी, निळी, काळी, हिरवी. हा क्रम लाइटवाल्यांच्या सोयीचा. आधी तीन फेज, मग न्यूट्रल, मग अर्थिंग. विंगेतल्या अंधारात हात घातला तरी तिसरी ती निळी, हे बोटांना ठाऊक असायचं. झाकणाला नाडीनं बांधलेली कात्री, कोपऱ्यात रेडियम टेपचा वेगळा डबा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत रॉकेलचं फडकं.

काकांसारखीच मी आज रंगमंच व्यवस्था सांभाळते, त्यावर माझं घर चालतं, आणि याची सुरुवात त्या पेटीपासून झाली.

कॉलेजात असताना पुण्यात एकांकिका स्पर्धांमध्ये बॅकस्टेज केलं होतं. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी एक संघ उतरतो न उतरतो तोच दुसरा चढतो, त्या धांदलीची मला ओढ लागली होती. पण व्यावसायिक नाटकाच्या दौऱ्यावर गेले तेव्हा मंडळींनी मला सरळ कपडेपटाकडे पाठवायचं ठरवलं. मुलगी आहे, इस्त्री बघेल, साड्या लावेल. कपडेपटाचं काम कमी प्रतीचं नाही, पण मला स्टेजवर उभं राहायचं होतं. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, ‘‘हिला माझ्याकडे राहू दे. पेटी ही सांभाळेल.’’ एवढंच. त्यांनी माझी शिफारस केली नाही की कुणाशी वाद घातला नाही. पेटी माझ्या हातात दिली आणि ते लेव्हल लावायला निघून गेले. त्या दिवसापासून कुठल्याही थिएटरवर माझं काम काय, हे मला कुणी विचारलं नाही.

काका शिकवायचे ते बोलून नाही, हाताखाली ठेवून. पहिली सवय टोकाची. टेप फाडली की रोलवर उरलेलं टोक बोटभर दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी नखानं खरवडत बसावं लागत नाही. ‘‘टोक दुमडलंस का गं?’’ हा प्रश्न मी दौऱ्यावर सगळ्यात जास्त वेळा ऐकला असेन. दोन प्रवेशांच्या मधल्या काळोखात एखादी वायर सुटते, फ्लॅटचा कोपरा हलतो, नटाच्या चपलेचा पट्टा तुटतो. तेव्हा पेटीत हात घालणारा माणूस कोण असेल ते सांगता येत नाही. काका त्या न पाहिलेल्या हाताची आधीच काळजी घेत होते.

दुसरी गोष्ट पावडरची. मे महिन्यात विदर्भाच्या दौऱ्यावर बसच्या डिकीत रोल तापतात, कडेनं डिंक सुटतो आणि शेजारचे रोल एकमेकांना धरून बसतात. त्या चिकट कडेवर धूळ बसली की टेप वाया गेली. काका मेकअप रूममधून थोडी टाल्कम पावडर मागून आणायचे, रोलच्या दोन्ही कडांना हलकी फिरवायचे आणि मध्ये बटर पेपरच्या चकत्या घालायचे. गॅफर टेप महाग, आमच्या निर्मात्याच्या हिशेबात तर फारच. तिचा शेवटचा वाव कामी आला तेव्हा त्यांना खरा आनंद झालेला मी पाहिला आहे.

मार्किंगचंही तसंच. प्रत्येक गावाचं स्टेज वेगळं. कुठे रुंदी भरपूर आणि खोली नाही, कुठे उलटं. काका आधी मध्य शोधायचे, तिथे मास्किंग टेपची बारीक फुली मारायचे आणि मग तिथून मोजत सोफ्याचे, टेबलाचे, दाराचे कोपरे लावायचे. पहिल्या अंकाचे एका रंगात, दुसऱ्या अंकाचे दुसऱ्या. पायऱ्यांच्या कडांना रेडियम टेपच्या पट्ट्या. ही टेप उजेड पिऊन घेते तेव्हाच अंधारात दिसते, म्हणून तिसऱ्या घंटेआधी वर्क लाइट त्या पायऱ्यांवर पुरेसा वेळ राहील हे ते जातीनं बघायचे. आमच्या एका नाटकात ब्लॅकआउट पडताच वयस्कर अभिनेत्रीला लेव्हलवरून खाली येऊन उजव्या विंगेत जायचं असे. त्या हिरवट रेघांवर नजर ठेवून ती उतरायची. प्रेक्षकांना त्या रेघा दिसत नसत, कारण काका स्वतः पहिल्या रांगेत बसून बघून यायचे.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते प्रयोग संपल्यानंतरचं काम. सगळे जेवायला पळत असताना काका गुडघे टेकून एकेक मार्क काढत. टेप वर ओढायची नाही, मागे दुमडून जमिनीलगत सावकाश ओढायची, म्हणजे डिंक फळीवर राहत नाही. राहिलाच तर रॉकेलचं फडकं. उद्या इथं दुसऱ्यांचं नाटक आहे, आपल्या खुणांनी त्यांचा नट चुकायला नको, असं ते म्हणायचे. पुढे वाचनात आलं की मास्किंग टेप तयार केली ती अमेरिकेत थ्रीएमच्या रिचर्ड ड्र्यूनं, 1925 साली. दुरंगी मोटारी रंगवणाऱ्या कारागिरांची टेप काढताना रंगच निघून यायचा, ती त्यांची अडचण बघून. म्हणजे नीट निघून येणं, हेच तिचं मूळ काम. काकांनी ड्र्यूचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण त्या टेपचं मर्म त्यांच्याइतकं कुणी ओळखल्याचं मला माहीत नाही.

गुडघे कुरकुरू लागले तसे काकांनी दौरे सोडले. गोडाऊनमध्ये नेपथ्य रचून झाल्यावर पेटी माझ्याकडे सरकवली. मी पैशाचं बोलले तर रागावले. ‘‘पावडर संपली की आणत जा,’’ म्हणाले. मी वाकून नमस्कार केला, तोही त्यांनी निम्म्यात थांबवला.

आता ते मुलाकडे पुण्यातच असतात. बालगंधर्वला आमचा प्रयोग असला की मी त्यांना रिक्षानं घेऊन येते. मागच्या वेळी पडदा पडल्यावर ते काठी टेकत विंगेत आले, नाटकाबद्दल अवाक्षर न काढता पेटी उघडायला लावली आणि एकेका रोलवरून बोट फिरवलं. टोकं सगळी दुमडलेली होती. पण बारीक गज मधोमध वाकलाय, त्यानं रोल एका बाजूला घसरतात आणि काळी-हिरवीची जागा बदलते, हे त्यांनी लगेच पकडलं. लाइटच्या नव्या मुलाला जवळ बोलावून त्यांनी ते दाखवलं, आणि मला सांगितलं, ‘‘लोखंडी नको घालूस, गंजतो. स्टीलचा घे, आणि एक सूत जाड.’’ दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतून तो गज आणला. बसवताना लाइटचा मुलगा सोबत होता. क्रम त्यानंच लावला.