कंप

हुडकोतील रात्र पूर्णपणे निःशब्द अशी कधी नसते. भिलाईच्या या वसाहतीचे कागदोपत्री नाव आमदी नगर; पण घरबांधणीला कर्ज देणाऱ्या संस्थेचे नावच लोकांच्या तोंडी बसले आणि तेच गावाचे नाव झाले. रहदारी ओसरली की हावडा-मुंबई लोहमार्गावरची मालगाडी दुरून ऐकू येते. घरातल्या फ्रिजची घरघर, रोहित्राचा एकसुरी गुंजारव, छताच्या पंख्याची कुरकुर हे सारे त्या काळोखात आपापल्या जागी जागे असते. गेल्या तीन वर्षांपासून या आवाजांत आणखी एकाची भर पडली आहे. बाबांच्या खाटेशेजारच्या तिपाईवर स्टीलचा पेला असतो, आणि त्यांचा उजवा हात तिपाईवर विसावला की तो पेला बारीक किणकिणू लागतो.

बाबा नागपूरहून भिलाईला आले ते १९६५ साली. पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले होते आणि पुढच्याच वर्षी रुळांची गिरणीही सुरू झाली होती. बाबा फिटर होते. त्यांची सारी विद्या कानात आणि बोटांत होती. फिरत्या यंत्राच्या बेअरिंगच्या घरावर ते लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवीत, मूठ कानामागच्या हाडाला लावीत आणि डोळे मिटून उभे राहत. वैद्याने नाडी पाहावी तसे ते दृश्य असे. “यंत्र खोटं बोलत नाही,” ते म्हणत, “पण हळू बोलतं.”

त्या बोलण्याचे व्याकरण त्यांनी मला लहानपणीच शिकवले. फिरणाऱ्या वस्तूचे वजन एका बाजूला जास्त झाले, तर ती प्रत्येक फेऱ्याला एकदाच धक्का देते. दोन दांडे एका रेषेत नीट जुळले नसतील, तर बहुधा फेऱ्याला दोनदा. बेअरिंगच्या गोळ्यांना किंवा त्यांच्या वाटेला चरा पडला असेल, तर मात्र कंप बारीक आणि खरखरीत होतो. बोटाखाली वाळू सरकावी तसा. आमच्या घरातील छताचा पंखा एका उन्हाळ्यात डुलू लागला, तेव्हा बाबांनी एका पात्याच्या पाठीवर चार आण्यांचे नाणे चिकटपट्टीने बसवले आणि पंखा शांत झाला. चार आण्यांत घराची झोप विकत घेतली, असे आई म्हणाली होती.

दिवाळीला आम्ही नागपूरला जात असू. राजनांदगाव, डोंगरगड अशी स्थानके मागे पडत आणि डब्याखालून रुळांच्या सांध्यांचा ठेका चालू राही. तेव्हाचा रूळ तेरा मीटर लांबीचा. बाबा मला आपले घड्याळ देत आणि सत्तेचाळीस सेकंदांत सांधे किती वाजले ते मोजायला सांगत. जितके ठोके, तितके किलोमीटर हा गाडीचा ताशी वेग. तासाच्या तीन हजार सहाशे सेकंदांचा आणि तेरा मीटरचा तो साधा हिशेब होता, पण मला ती जादूच वाटे. पुढे रूळ एकमेकांना वितळवून जोडू लागले, सांधे नाहीसे झाले आणि ठेकाही गेला. प्रवास सुखाचा झाला खरा. मात्र आपण किती वेगाने दूर जात आहोत, हे मोजण्याचे साधन हातातून गेले.

कंपाच्या मुळाशी काय असते, हे मला महाविद्यालयात समीकरणांतून कळले. पण खरे तर ते अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेल्या झोक्यावर आधीच कळले होते. झोका मध्यापासून जितका दूर जाईल, तितकी परतीची ओढ वाढते. मध्यावर येतो तेव्हा ती ओढ शून्य होते; पण वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून तो थांबू शकत नाही आणि पलीकडे निघून जातो. घर आले आणि तरीही थांबता आले नाही, अशी ही गंमत आहे. मी बसलो काय किंवा बाबा बसले काय, झोक्याचा फेरा जवळजवळ तेवढाच वेळ घेई. तो दोराच्या लांबीवर ठरतो, बसणाऱ्याच्या वजनावर नव्हे. आपल्या भाषेत याला आंदोलन म्हणतात. दरबारी कानड्यातील गंधार आंदोलित असतो, रस्त्यावर उतरलेल्या जमावाचेही आंदोलनच असते, आणि दोन्ही शब्दांत तो जुना झोकाच हलत असतो. नागपूर आणि भिलाई यांच्यामध्ये आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

परंतु झोक्याचे हे कौतुक मला फार वेळ निर्धास्तपणे करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीची जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे नुकतीच निजली होती. दगड आणि माती रचून केलेल्या जाड भिंती, त्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते घर कंपाला मात्र दाद देऊ शकत नव्हते. लवचीक वस्तू हलते आणि परत येते. ज्याच्या ठायी परत येण्याची शक्ती नाही ते कोसळते. हजारो माणसे आपल्याच छपराखाली गेली. बाबांनी त्या दिवसांतली वर्तमानपत्रे पुनःपुन्हा वाचली आणि एवढेच म्हणाले, “भिंतींना कुणी सैल राहायला शिकवलंच नव्हतं.”

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी पार्किन्सनचे निदान केले आणि समजावले की, हा कंप सेकंदाला चार ते सहा वेळा होतो आणि विशेष म्हणजे हात स्वस्थ असतानाच तो दिसतो. काही घेण्यासाठी हात पुढे केला की पुष्कळदा ओसरतो. मला ते ऐकून विलक्षण वाटले. ज्या माणसाने जन्मभर यंत्रे शांत केली, त्याच्या हाताला विश्रांतीच तेवढी वर्ज्य झाली होती.

यानंतर मी जे केले ते काळजीपोटी केले, असे मी स्वतःला सांगत आलो. प्रथम दाढीचे पाते त्यांच्या हातून घेतले, मग चहाची बशी, मग अवजारांची पेटी. “बाबा, राहू द्या, मी करतो,” हे वाक्य दिवसातून कितीदा माझ्या तोंडून गेले असेल, हे मोजायला माझ्याजवळ घड्याळ नव्हते. ते काही बोलले नाहीत. पेटी माळ्यावर गेली त्या दिवशी ते बराच वेळ माळ्याकडे पाहत बसले होते, एवढे मला आठवते.

गेल्या वैशाखात कूलर धडधडू लागला. मिस्त्री आला, मोटार गेली आहे, नवी बसवावी लागेल, असे सांगून गेला. मी पैशांची जुळवाजुळव करीत असताना बाबा भिंतीचा आधार घेत आले. त्यांचा हात थरथरत होता. मी सवयीने म्हणालो, “बाबा, राहू द्या.” त्यांनी ऐकले नाही. हात पुढे केला, कूलरच्या पत्र्यावर चार बोटे टेकवली, आणि हात थांबला. काही क्षणच, पण पूर्ण थांबला. डोळे मिटलेले होते.

“बेअरिंग नाही गेलं,” ते म्हणाले. “फेऱ्याला एकच धक्का आहे. पातं बघ.”

कूलर बंद करून मी जाळी काढली. एका पात्यावर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा, जाड थर बसला होता. लिंबाच्या पाण्याने तो खरवडून काढला, पंखा लावला, आणि धडधड थांबली. बाबा खुर्चीवर जाऊन बसले. हात मांडीवर ठेवताच पुन्हा कापू लागला.

त्या रात्री मी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि त्यांच्या खाटेजवळ ठेवली. कंप हा स्थैर्याचा अभाव आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो. आता वाटते की, मध्यबिंदूची ओढ शिल्लक असते तोवरच वस्तू कंप पावते. हात कापतो, कारण त्याला अजून कुठे तरी परत यायचे आहे. आणि परत येण्याची ती जागा मीच माळ्यावर ठेवून दिली होती.

पेला अजूनही किणकिणतो. पूर्वी त्या आवाजाने मला जाग येई. आता तो ऐकू आला नाही, तर येते.