क्वार्टर, कार्यालय आणि जामिनाची सही

तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी वसाहतीत कार्यालय आणि घर यांच्यामध्ये फार तर एक कंपाउंडची भिंत असते. दिवसा ज्याच्या टेबलावर फाइल अडते, संध्याकाळी त्याच्याच दारात टँकर कधी येणार याची चौकशी करावी लागते. २००५ चा बदल्यांचा कायदा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षांचा मानतो. त्यामुळे भाऊबंद गावाकडेच राहतात आणि मूल अपरात्री तापाने फणफणले की मोटारसायकल काढतो तो आस्थापना शाखेतला लिपिक. सहकाऱ्यांशी कामापुरताच संबंध ठेवावा, हा सल्ला अशा ठिकाणी चालत नाही. प्रस्तुत लेखकाची बरीचशी नोकरी याच प्रकारच्या वसाहतींत झाली. पुढील विवेचनाला आधार त्या अनुभवाचा आहे.

सीमा कोठे असावी याचे एक उत्तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये सापडते. साधे जेवण, गाडीतून घरापर्यंत सोडणे, असा नेहमीचा पाहुणचार या नियमांत ‘देणगी’ धरला जात नाही. ज्याच्याशी सरकारी कामाचा संबंध येतो त्याच्याकडचा थाटाचा किंवा वारंवारचा पाहुणचार मात्र टाळावा लागतो. पैशाच्या बाबतीत नियम कडक आहे. आपल्या अधिकारक्षेत्रातल्या किंवा कामानिमित्त संबंध येणाऱ्या माणसाशी देवघेव निषिद्ध, आणि नातेवाईक किंवा स्नेही यांच्याशी थोड्या रकमेची, तात्पुरती, बिनव्याजी उसनवार तेवढी चालते. बाराव्याला, बारशाला, लग्नाला खुशाल जावे. पैसा आणि सही आली की थांबावे. लेखकाच्या मते ही वाटणी व्यवहाराला धरून आहे.

सहीचा पहिला प्रश्न गोपनीय अहवालाचा. देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अहवालातील प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असा निर्णय दिला. तेव्हापासून शेजारच्या क्वार्टरमधल्या माणसाबद्दल काय लिहिले, हे त्याला वाचायला मिळते. मार्चच्या सुमारास प्रतिवेदन अधिकाऱ्याच्या घरी येणारे डबे वाढतात, असा वसाहतीतला समज आहे. होळीही त्याच सुमारास येते, त्यामुळे प्रत्येक पुरणपोळीचा संशय घेता येत नाही. यावर लेखकाने एक पद्धत ठेवली होती. कामातली चूक ज्या महिन्यात होई त्याच महिन्यात लेखी ज्ञापन देऊन कळवायची, म्हणजे वर्षअखेरीच्या शेऱ्यात नवे काही उरत नसे. तरी राग येई, पण डबा परत पाठवण्याची वेळ कधी आली नाही.

खरी कसोटी लागते ती पतसंस्थेच्या जामिनात. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेत कर्जाला सहसा जमीन-जुमल्याचे तारण नसते. पगार आणि सभासद जामीनदार यांच्यावर व्यवहार चालतो. सभासद सगळे खात्यातलेच, म्हणून अर्ज खिशात घालून माणूस आपल्याच टपरीवर येतो. ‘नुसती सही हवी, बाकी काही नाही,’ हे ठरलेले वाक्य. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १२८ वेगळे सांगते: करारात अन्यथा ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. कर्जदाराला आधी गाठण्याचे बंधन संस्थेवर नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे, लिहून दिलेल्या संमतीवरून देणे परस्पर पगारातून कापले जाते आणि थकबाकीसाठी कलम १०१ चा वसुली दाखला आहेच. बदली झाली तर अंतिम वेतन प्रमाणपत्रावर चढून ही कपात नव्या कार्यालयात पोहोचते.

समोरच्या क्वार्टरमध्ये राहणारा दुसऱ्या शाखेतला सहकारी लेखकाकडे अशीच सही मागायला आला. घरोबा दाट होता. मुले एकाच रिक्षाने शाळेत जात, गणपतीची आरती दोन्ही घरी मिळून होई. बहिणीचे लग्न ठरले होते. ‘दादा, तुम्ही नाही म्हणणार नाही, म्हणून दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही,’ असे तो म्हणाला. लेखकाने नकार दिला, पण कार्यालयात नाही. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी बसून. ‘सही केली तर यंदाच्या आरतीत मी तुला हप्ता भरलास का विचारीन, ते मला नको,’ एवढेच कारण सांगितले. लग्नासाठी झेपेल तेवढी रक्कम हातउसनी दिली, ती परत मागायची नाही असे घरात ठरवूनच.

समोरचे दार काही महिने बंद राहिले. मुलांची रिक्षा मात्र कोणी बदलली नाही. त्याला दुसरे जामीनदार मिळाले आणि लग्नही झाले. पुढे हप्ते थकले. कपात सुरू झाली ती एका शिपायाच्या पगारातून. सगळे कार्यालय त्यांना मामा म्हणे आणि त्यांची निवृत्ती जवळ आली होती. मामा तक्रार करायला साहेबांकडे गेले नाहीत, पण त्या सहकाऱ्याच्या टेबलावरची फाइल उचलायची असली की दुसऱ्याला पाठवू लागले. लेखकाशी धरलेला अबोला पुढच्या गणपतीपर्यंत सुटला. मामांचा निवृत्तीपर्यंत सुटला नाही.

जामीन राहण्यावाचून गत्यंतर नसेल, तर कर्जाची रक्कम, हप्ता आणि मुदत स्वतः वाचावी, कोऱ्या अर्जावर सही करू नये आणि जामीनपत्राची प्रत मागून घ्यावी. हा हप्ता आपल्या पगारातून गेला तर घर चालेल का, हे घरात विचारावे. तोवर सही मागणाऱ्याला टपरीवर चहा पाजून थांबवायला हरकत नाही.